जळका दाणा रानातला की शेतातला?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. पुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं की माणूस साधारण दहा हजार वर्षांपूर्वी शेती करू लागला. पण उत्खननात मिळतात ते जळके दाणे, मग ते पेरून आले की रानातून खुडून आणले हे कशावरून ठरवतात? दुसरं, शेती आल्यावर शहरं लगेच का उभी राहिली नाहीत? आणि तिसरं, तुमच्या गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, नदीने कापलेल्या दरडीत काळे दाणे दिसतात, त्यांचं काय करावं? हाच क्रम धरून लिहितो. वेळ मात्र पहिल्या प्रश्नाला जास्त देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

आधी एक गुंता सोडवू. ‘शेती सुरू झाली’ या एका वाक्यात तीन वेगळ्या घटना कोंबलेल्या असतात. पहिली लागवड: जमीन मोकळी करून बी टाकणं. बी रानटीच असलं तरी ही लागवडच. दुसरी, पीक माणसाळणं: त्या झाडाचा गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाऊन ते माणसाशिवाय तग धरू शकत नाही अशा अवस्थेला पोचणं. तिसरी, शेतीवर जगणं: पोटाला लागणारं बहुतेक अन्न शेतातून येणं. पश्चिम आशियात या तिन्हींमध्ये शतकांचं नाही, हजारो वर्षांचं अंतर पडलेलं आहे. जळका दाणा यांपैकी फक्त दुसऱ्या घटनेबद्दल थेट बोलतो. पहिली आणि तिसरी आजूबाजूच्या पुराव्यावरून ताडावी लागते.

नुसतं धान्य सापडणं म्हणजे शेती नव्हे, याचं ठळक उदाहरण म्हणजे इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराच्या काठचं ओहालो २. तिथली वस्ती सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची. १९८९ साली सरोवराचं पाणी उतरलं तेव्हा ती उघडी पडली. जागा पाण्याखाली असल्यामुळे रानटी जव, रानटी खपली गहू आणि इतर शेकडभर वनस्पतींचे अवशेष उत्तम टिकले होते. धान्य वाटण्याचा दगडही होता. म्हणजे माणूस गहू-जव खात होता, दळत होता. ते पीक मात्र माणसाळलेलं नव्हतं.

मग फरक कुठे दिसतो? दाण्यापेक्षा दाण्याच्या देठाशी, म्हणजे ओंबीच्या सांध्यात. ओंबीचा मधला दांडा उसासारखा पेरापेरांचा असतो आणि प्रत्येक पेरावर तुसात गुंडाळलेली दाण्यांची जोडी बसलेली असते. तिला कणिशक म्हणतात. रानटी गव्हात ओंबी पिकली की पेरांच्या सांध्यावर एक पातळ थर तयार होतो आणि कणिशकं आपोआप सुटून जमिनीवर पडतात. रानटी झाडाला हेच हवं असतं, त्याची पेरणी अशीच होते. अशा सुटलेल्या सांध्याची खूण गुळगुळीत असते. माणसाळलेल्या गव्हात हा थर बनत नाही, ओंबी झाडावरच राहते आणि मळणीत ती बडवून तोडावी लागते. तेव्हा सांधा फाटतो, खूण खडबडीत, तंतू ओढल्यासारखी दिसते. आम्ही, म्हणजे उत्खननातल्या वनस्पतींचे अवशेष तपासणारे, सूक्ष्मदर्शकाखाली २० ते ४० पट मोठं करून बघतो ती ही खूण.

आपल्याकडे हे समजून घेणं सोपं आहे, कारण सांगली-साताऱ्याकडे आणि बेळगाव भागात अजून पिकणारा खपली गहू हा पश्चिम आशियातल्या त्या पहिल्या पिकांपैकीच एक. तो मळला तरी दाणा मोकळा होत नाही, कणिशक तुसासकट सुटतं आणि मग वेगळं कांडावं लागतं. कांडल्यावर तुसाचा बुडखा, दोन शिंगांच्या बेचकीसारखा दिसणारा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा, खाली राहतो. प्राचीन वस्त्यांमधला आमचा सगळ्यात मोलाचा पुरावा हाच कचरा. धान्य माणूस खाऊन टाकतो. कोंडा-तूस चुलीत जातो, जळून कोळसा होतो आणि टिकतो.

एक फाटका सांधा सापडला म्हणजे पीक माणसाळलं, असं मात्र म्हणता येत नाही. इथे पुष्कळ घोटाळे झालेले आहेत. रानटी जवाच्या ओंबीतही बुडाकडची काही कणिशकं सहज सुटत नाहीत. त्यामुळे पूर्ण रानटी पिकातही दहा टक्क्यांपर्यंत फाटके सांधे मिळू शकतात. शिवाय दाणे गळून वाया जाऊ नयेत म्हणून ओंबी थोडी हिरवट असतानाच कापली, तर रानटी गव्हाचा सांधाही फाटूनच तुटतो. म्हणून आम्ही एका तुकड्यावर निकाल देत नाही, प्रमाण बघतो. आणि प्रमाणासाठी संख्या लागते. समजा खरं प्रमाण १० टक्के आहे आणि तुमच्याकडे फक्त १० सांधे आहेत. तरीही त्यांत ३ किंवा अधिक फाटके निघण्याची शक्यता सुमारे ७ टक्के असते. म्हणजे ‘३० टक्के माणसाळलेला’ असा निष्कर्ष निव्वळ योगायोगाने निघू शकतो. १०० सांध्यांत ३० फाटके मिळाले तर मात्र खरं प्रमाण साधारण २२ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आहे असं धरता येतं. आणि जळताना-झिजताना ज्यांची खूण पुसली गेली ते तुकडे ‘अनिश्चित’ या रकान्यातच टाकावे लागतात. ते ओढूनताणून एका बाजूला बसवले की आकडा सुंदर दिसतो आणि चुकतो.

या पद्धतीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण भाताचं आहे. चीनमध्ये यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात त्यान-लुओ-शान इथे भाताच्या कणिशकांचे हजारो बुडखे मोजले गेले. सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या तीनशे वर्षांत न गळणाऱ्या भाताचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. म्हणजे त्या लोकांच्या एकाच खाचरात गळणारा आणि न गळणारा भात शेजारी शेजारी उभा होता. कोकणात तळ्याकाठी आपोआप येणारा, हात लावताच झडणारा देवभात पाहिला असेल, तर गळणारा भात म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

हा बदल इतका सावकाश का? बदल होतो कापणीच्या पद्धतीमुळे. विळ्याने ओंब्या कापल्या तर गळणारे दाणे वाटेत पडतात, न गळणारे घरी येतात आणि त्यांतलंच बी पुढच्या वर्षी पेरलं की त्यांचा वाटा वाढतो. कापणी आणि पेरणी अशीच आणि नव्या जमिनीवर होत राहिली, तर दोनशे वर्षांच्या आत गहू माणसाळू शकतो, असं गणित १९९०च्या सुमारास मांडलं गेलं होतं. उत्खननातला पुरावा मात्र हजार-दोन हजार वर्षं दाखवतो. कारण गणितातल्या अटी प्रत्यक्षात पाळल्या जात नाहीत. टोपली धरून ओंब्यांवर काठी मारली, तर उलट गळणारे दाणेच जास्त जमा होतात. त्याच शेतात पुन्हा पेरलं, तर मागच्या वर्षी गळलेलं रानटी बी उगवून येतं. पीक बुडालं की लोक रानातून नवं बी आणतात आणि निवड पुन्हा पहिल्या पायरीवर जाते. माझ्या मते ‘शेतीचा शोध’ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा. त्या लोकांपैकी कुणालाही आपण काही शोधतो आहोत हे जाणवलं नसणार.

आता मातीतून हे तुकडे मिळवायचे कसे, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. जुन्या उत्खननांत डोळ्यांना दिसलं तेवढंच उचललं जाई: रांजणभर जळकं धान्य वगैरे. पाच मिलिमीटरच्या चाळणीतून एक मिलिमीटरचा बुडखा निघूनच जातो. त्यामुळे कितीतरी ठिकाणी दाणे आहेत पण सांधे नाहीत, आणि सांधे नाहीत म्हणून निकालही नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लोटेशन, म्हणजे पाण्यावर तरंगवण्याची पद्धत रुळली आणि चित्र बदललं.

पद्धत साधी आहे, शिस्त कडक. प्रत्येक थरातून, चुलीतून, खड्ड्यातून निदान २०, जमल्यास ४० लिटर माती वेगवेगळी घ्यायची, मोजून. मोजमाप नसेल तर लिटरमागे किती दाणे हे सांगता येत नाही आणि दोन थरांची तुलना बंद पडते. दहा लिटर माती मोठ्या पिंपात भरपूर पाण्यात सोडायची, हलक्या हाताने ढवळायची, काही सेकंद थांबून वर आलेला कोळसा पाव मिलिमीटर जाळीच्या चाळणीवर ओतून घ्यायचा. काही तरंगेनासं होईपर्यंत तीन-चार वेळा हेच. तळाचा गाळ एक मिलिमीटरच्या जाळीवर धुऊन तोही तपासायचा, कारण वाटाणा, मसूर यांसारखी जड कडधान्यं बरेचदा बुडतात. गाळ टाकून दिला की अहवालात डाळी ‘नसतात’. वर आलेला माल सावलीत, कापडात बांधून वाळवायचा. उन्हात वाळवला तर कोळसा तडकतो आणि दाण्याचा भुगा होतो. आपल्या काळ्या मातीत आणखी एक अडचण: चिकण ढेकळं पाण्यात सुटत नाहीत. ती हाताने चुरायची नाहीत, खायचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवायची.

काळ्या मातीचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे. उन्हाळ्यात तिला हात-हातभर भेगा पडतात आणि वरचं ताजं बी खाली जातं. मुंग्या, उंदीर, मुळं तेच काम वर्षभर करतात. म्हणून कोरड्या वस्तीत न जळलेलं बी सापडलं तर ते आजचं समजायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. जळलेलं असलं तरीही ते त्याच थराचं आहे याची खात्री नसते. शेजारच्या कोळशाची तारीख दाण्याला चिकटवणं ही जुनी सवय फार महागात पडली आहे. इजिप्तमधल्या वादी कुब्बानिया इथला जव १९७०च्या दशकाच्या अखेरीस १७-१८ हजार वर्षांपूर्वीचा म्हणून गाजला. पुढे खुद्द दाण्यांचंच कार्बन-१४ मापन (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं) झालं आणि ते पाच हजार वर्षांहूनही अलीकडचे निघाले. हल्ली प्रवेगक यंत्राने मापन करायला गव्हाचा एक दाणा पुरतो. तो मापनात नष्ट होतो, म्हणून आधी छायाचित्र आणि लांबी-रुंदी-जाडी नोंदवून ठेवायची.

तारखांबद्दल एक इशारा. कच्ची कार्बन तारीख आणि झाडांच्या वर्तुळांशी ताडून दुरुस्त केलेली तारीख यांत इतक्या जुन्या काळासाठी मोठा फरक पडतो. कच्ची १०,००० वर्षं म्हणजे दुरुस्त सुमारे ११,५०० वर्षं. दोन पुस्तकांत शेतीच्या आरंभाच्या तारखा जुळत नाहीत, तेव्हा बरेचदा भांडण पुराव्याचं नसतं, एकाने कच्ची तारीख छापलेली असते. मेहेरगढचंही तसंच काहीसं झालं, पण कारण वेगळं. बलुचिस्तानातल्या या वस्तीच्या कच्च्या विटांत जवाच्या तुसाचे आणि दाण्यांचे ठसे मोठ्या प्रमाणात मिळाले आणि तिचा आरंभ इ.स.पू. ७०००च्या आसपास धरला जाई. अलीकडे तिथल्या मृतांच्या दातांच्या लुकणावर (एनॅमलवर) कार्बन-१४ मापन झालं आणि आरंभ इ.स.पू. ५२००च्या जवळपास येतो असं दिसलं. पीक तेच, ठसे तेच, पण ‘आधी कोण’ या प्रश्नाचं उत्तर बदललं.

धान्य वस्तीत आलं कसं, हाही प्रश्न विचारावा लागतो. आपल्याकडे गोवऱ्या जाळतात. गुरांनी शेताच्या बांधावरचं गवत आणि कडबा खाल्ला की त्यातलं बी शेणात उतरतं, शेणाची गोवरी होते, गोवरी चुलीत जळते आणि हजारो वर्षांनी ते बी आमच्या चाळणीत येतं. ते माणसाचं जेवण नव्हे, गुरांचं. पश्चिम आशियातल्या वस्त्यांतही हीच शंका घेतली जाते. म्हणून तण, तूस आणि दाणा यांचं एकमेकांशी प्रमाण बघायचं: रांजणातला साठा असेल तर दाणे जास्त आणि स्वच्छ, मळणीचा कचरा असेल तर तूस आणि बारीक तणबी जास्त, शेण असेल तर दाणे मोडके आणि रानगवताचं बी भरपूर. तणं आणखी एका कामाला येतात. रानटीच धान्य, पण सोबत नांगरट-खुरपणी झालेल्या जमिनीत वाढणारी तणं वाढत चालली असतील, तर माणसाळण्यापूर्वीची लागवड सुरू होती असा अंदाज बांधता येतो. तुम्ही विचारलेल्या ‘पेरलं होतं का?’ या प्रश्नाचं त्यातल्या त्यात जवळचं उत्तर हे आहे.

भारतीय पिकांना सांध्याची कसोटी सरसकट लागू पडत नाही. कडधान्याच्या शेंगेचं टरफल टिकतच नाही. कुळीथ घ्या: दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन (घासलेल्या दगडी हत्यारांच्या काळातल्या, पहिल्या शेतकरी) लोकांचं ते मुख्य पीक, मुगाच्या जोडीने. तिथे सालीची जाडी बघतात. रानटी बियांची साल जाड असते आणि बी जमिनीत झोपून राहतं. माणसाने पेरलं की पहिल्या पावसात उगवणारं पातळ सालीचं बीच पुढे टिकतं. २०१७ साली दक्षिण भारतातला जुना कुळीथ सिंक्रोट्रॉन या मोठ्या कणप्रवेगक यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांखाली दाणा न फोडता तपासला गेला आणि साल काळानुसार पातळ होत गेल्याचं दिसलं. बारीक तृणधान्यांत तर ओळखीचाच घोळ आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आफ्रिकेतून आलेली पिकं. जुन्या अहवालांत ज्याला नाचणी म्हटलंय ते काही ठिकाणी तुसासकट जळलेलं दुसरंच तृणधान्य निघालं. म्हणून महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या) थरांतली ज्वारी-नाचणीची जुनी नोंद वाचली तर मी आधी छायाचित्र शोधतो. घोड नदीकाठच्या इनामगावसारख्या ठिकाणी जवाचा पुरावा मात्र भक्कम आहे आणि पाण्यासाठी बांध व पाट काढल्याच्या खुणाही आहेत.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तुर्कस्तानातल्या चाताल्होयुकमध्ये इ.स.पू. ७१००च्या सुमारास हजारो लोक गहू-जव, मेंढ्यांवर दाटीने राहत होते. राजवाडा नाही, कोठार-कचेरी नाही, प्रत्येक घराची स्वतःची कणगी. आजच्या इराकमधलं उरुक शहर उभं राहिलं ते इ.स.पू. चौथ्या सहस्रकात. मधली तीन हजारांहून अधिक वर्षं लोक शेतकरी होतेच. धान्य पिकणं आणि दुसऱ्याच्या घरचं धान्य एका जागी गोळा होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी माप लागतं, मोहोर लागते, हिशेब लागतो. उरुकमध्ये नेमकं तेच सापडतं: चिखलाच्या गोळ्यांवरचे शिक्के, हिशेबाच्या मातीच्या पाट्या आणि साच्यातून काढल्यासारखे एकाच घडणीचे असंख्य जाडेभरडे वाडगे. ते रोजंदारीचं धान्य किंवा भाकरी वाटण्यासाठी होते असं बहुतेक जण मानतात. तिथल्या लेखनाचा उगम कवितेत नाही, कोठीच्या हिशेबात आहे.

कोणत्या खोऱ्यात हे का घडलं आणि शेजारी का नाही, हे नदी, कालवे, व्यापार, लोकांनी सत्ता कितपत मान्य केली यांवर ठरतं. जळक्या दाण्यांवरून मी ते सांगणार नाही. पण एक सावधगिरी सांगतो: ‘कोठार’ म्हटलेली इमारत कोठार असतेच असं नाही. मोहेंजोदडोच्या तथाकथित महाकोठारात धान्याचा साठा सापडल्याची नोंद नाही. नाव इमारतीच्या आकारावरून पडलं. तिथली माती उत्खननाच्या वेळी कुणी पाण्यावर तरंगवून पाहिली नव्हती.

आता तुमच्या दरडीतले दाणे. ते उपटून डबीत भरू नका. थरापासून सुटलेला दाणा म्हणजे पत्ता नसलेलं पत्र, आणि परवानगीशिवाय खणणं कायद्यात बसत नाही. मोजपट्टी शेजारी धरून दरडीचं पूर्ण आणि जवळून असं छायाचित्र घ्या, वरच्या जमिनीपासून दाण्यांच्या थराची खोली मोजा, राख किंवा खापरं दिसतात का ते लिहा, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. हे सगळं राज्य पुरातत्त्व संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. पावसाळ्यात नदी दरड आणखी कापणार असेल तर ते ठळक लिहा, म्हणजे निकड कळेल.

तोवर विद्यार्थ्यांना दाखवायचं असेल तर खपलीच्या चार ओंब्या मिळवा. दोन हाताने मळा आणि सुटलेल्या कणिशकाचा बुडखा दहापट भिंगातून बघा. उरलेल्या दोन कोरड्या वाळूत पुरून, झाकणाच्या लोखंडी डब्यात, अडीचशे अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवा. खिडक्या उघड्या असू द्या, धूर होतो. डबा पूर्ण गार झाल्यावरच उघडा, गरम असताना हवा लागली तर कोळशाची राख होते. आधी आणि नंतर दाण्याची लांबी-रुंदी मोजून ठेवली तर दिसेल की जळल्यावर दाणा आखूड होतो आणि फुगतो. म्हणूनच जुन्या जळक्या दाण्याची आजच्या ताज्या दाण्याशी सरळ तुलना करून ‘हा मोठा, म्हणजे शेतातला’ असं आम्ही म्हणत नाही. तुलना नेहमी जळक्याशी जळक्याची.